रेडीचा दिवा

सदर : हत्यारपेटी



या सदराकडे येणारी पत्रे बहुधा मिक्सर, इस्त्री, शिलाई मशीन यांच्याबद्दल असतात. फार तर रिक्षाच्या प्लगबद्दल. या वेळी मात्र रत्नागिरी तालुक्यातल्या एका भगिनीचे पत्र आले, आणि ते वाचून बाकीची पत्रे मी बाजूला ठेवली. विषय आहे हायब्रीड मोटारगाडीची बॅटरी उतरण्याचा. आपल्या वस्तीत कोणाच्या दारात अशी वीस लाखांची गाडी उभी आहे, असे कोणी विचारील. दारात नसेल. पण तिची चावी आपल्याच पोरांच्या खिशात असते. गाडी चालवणारा आपला, धुणारा आपला, बंगल्यावर राखण करणारा आपला, आणि गाडी बंद पडली की ज्याच्याकडे बोट दाखवले जाते तोही आपलाच. म्हणून हा विषय.

पत्रातली हकीगत थोडक्यात अशी. या बाईंचा थोरला मुलगा आरे-वारेच्या बाजूला एका मुंबईकर साहेबांच्या बंगल्यावर ड्रायव्हर आणि राखणदार अशा दोन्ही नात्यांनी आहे. साहेब महिन्या-दीड महिन्याने येतात. एरवी गाडी बंगल्याच्या शेडमध्ये उभी. जूनच्या मध्यावर साहेब येऊन गेले आणि पाऊस धरला. जाताना त्यांनी बजावले होते, "दर रविवारी गाडी चालू करून ठेवत जा, बॅटरी उतरता कामा नये." मुलाने ते मनापासून पाळले. एकही रविवार चुकवला नाही. आणि तरीही जुलैच्या शेवटी साहेब रेल्वेने रत्नागिरी स्टेशनात उतरणार, त्यांना आणायला निघायचे, तर गाडी मेलेली! रिमोटने दार उघडेना, बटण दाबले तर दिवासुद्धा लागेना.

गाडी बघायला एका गॅरेजचा माणूस आला. त्याने बोनेट उघडून भगव्या रंगाच्या जाड केबल पाहिल्या आणि सांगितले की हायब्रीडची मोठी बॅटरी गेली, खर्च लाखाच्या वर. साहेबांनी मुलाला विचारले, "रविवारी चालू करत होतास म्हणतोस, मग हे कसे झाले?" मुलाकडे उत्तर नव्हते. पगारातून पैसे कापायचे ठरले आणि पहिल्या महिन्याचे दोन हजार कापलेसुद्धा. बाईंनी पत्रात शेवटी लिहिले होते, "पैशाचे दुःख आहेच. पण माझा मुलगा खोटे बोलला असे साहेबांना वाटते, ते जास्त लागते. तो खोटे बोललेला नाही."

मी आयुष्यभर गाड्यांच्या वायरिंगचेच काम केले. डायनामोच्या काळापासून केले. तेव्हा हे पत्र वाचल्यावर घरी बसवेना. पिशवीत मीटर, दहाचा पाना आणि बॅटरीचा छोटा चार्जर टाकला आणि एस.टी. धरली.

पुढे जाण्याआधी ही हायब्रीड भानगड काय आहे ते सांगतो. या गाडीत पेट्रोलचे इंजिनही असते आणि विजेची मोटरही. ब्रेक दाबला की चाकांची वाया जाणारी ताकद विजेच्या रूपाने मोठ्या बॅटरीत साठते आणि पुढे तीच मोटर फिरवते. म्हणून पेट्रोल कमी लागते. ही कल्पना बाजारात प्रथम मोठ्या प्रमाणावर आणली ती टोयोटा कंपनीच्या प्रियस गाडीने, जपानमध्ये १९९७ साली. आपल्या देशात प्रियस २०१० मध्ये आली, पण ती श्रीमंतांची हौस होती. रस्त्यावर या गाड्या खऱ्या अर्थाने दिसू लागल्या त्या २०२२ पासून. त्या वर्षी होंडा सिटीची हायब्रीड आली, टोयोटाची हायरायडर आली, मारुतीची ग्रँड विटारा आली आणि वर्षअखेरीस इनोव्हा हायक्रॉस दाखवली गेली. यांतल्या शेवटच्या तिन्ही गाड्या शेजारच्या कर्नाटकात बिडदीला तयार होतात. आता हातखंब्याच्या तिठ्यावर अर्धा तास उभे राहिलात तर मुंबई-गोवा महामार्गावरून जाणाऱ्या अशा गाड्या सहज दिसतील.

आता मुख्य गोष्ट. या गाडीत एक नाही, दोन बॅटऱ्या असतात. मोठी असते दोनशे व्होल्टच्या आसपासची, कुठे थोडी कमी कुठे जास्त. आणि दुसरी असते आपली नेहमीची बारा व्होल्टची, पण तीही साध्या डिझेल गाडीपेक्षा लहान. सर्वांचा समज असा, की एवढी मोठी बॅटरी असताना छोटीला काय किंमत? प्रत्यक्षात उलटे आहे. गाडी बंद केली की मोठी बॅटरी सुरक्षिततेसाठी बाकीच्या गाडीपासून तोडली जाते. मधे जाडजूड रिले असतात, ते उघडतात. ते रिले पुन्हा जोडायचे, गाडीतल्या कॉम्प्युटरला जागे करायचे, हे काम छोट्या बॅटरीचे. तीच उतरली तर मोठी भरलेली असूनही तिच्यापर्यंत पोहोचता येत नाही. वाड्यात धान्याची कोठी भरलेली आहे, पण किल्ली विहिरीत पडली आहे, तशी गत!

आणि गाडी उभी असते तेव्हा सगळा भार छोटीवरच. चोरीचा अलार्म, घड्याळ, चावी जवळ आली की ओळखणारे यंत्र, साहेबांना मोबाईलवर गाडी कुठे आहे ते दाखवणारे यंत्र, हे सगळे रात्रंदिवस थोडे थोडे पीत असतात.

मी बंगल्यावर पोहोचलो तेव्हा पावसाने उघडीप दिली होती. मुलगा, त्याची आई आणि धाकटी बहीण असे तिघेही आले होते. बहीण रत्नागिरीच्या आयटीआयत शिकते. रिमोट मेला तरी चावीच्या पोटात लोखंडी चावी लपवलेली असते, ती ओढून काढली आणि दार उघडले. या गाडीत छोटी बॅटरी डिकीत होती आणि डिकी विजेवर उघडणारी! मग मुलगी मागच्या सीटवरून आत शिरली आणि कोपऱ्यातले झाकण काढले. (काही गाड्यांत ही बॅटरी बोनेटखाली असते, काहींत मागच्या सीटखाली. आपल्या गाडीत कुठे आहे, हे आजच पाहून ठेवावे. रात्री पावसात शोधायची वेळ येऊ नये.) मीटर लावला. भरलेली बारा व्होल्टची बॅटरी आरामात असताना साडेबारा ते पावणेतेरा दाखवते. सव्वाबाराला ती अर्धी झाली समजा, आणि बाराच्या खाली गेली की जवळजवळ रिकामी. येथे काटा नऊच्याही खाली.

मोठी बॅटरी नव्हे, ही उतरली होती. मी मुलाला म्हटले, "रविवारी काय काय करायचास, ते मला जसेच्या तसे करून दाखव."

तो सीटवर बसला आणि बटण दाबले. अर्थात काही झाले नाही, पण मला जे पाहायचे होते ते दिसले. त्याचा पाय ब्रेकवर नव्हता.

"मग काय व्हायचे?" मी विचारले.

"काका, परत एकदा दाबायचो. मग समोरचे सगळे दिवे लागायचे. मग पंखा लावायचो, हेडलाईट बघायचो, रेडिओ लावायचो. वीस मिनिटे बसायचो. मग बंद."

"इंजिनचा आवाज?"

"ह्या गाडीचा आवाज नसतोच ना! साहेब पण स्टेशनातून निघतात तेव्हा आवाज येत नाही."

येथेच सगळे उलगडले. हायब्रीड गाडी खरोखर चालू झाली तरी कित्येकदा इंजिन गप्पच असते. साध्या गाडीत सेल्फ मारला की कानाला कळते. येथे कान उपयोगाचा नाही, डोळा हवा. ब्रेक न दाबता बटण दाबले, की बहुतेक गाड्यांत पहिल्या वेळी रेडिओपुरती वीज येते, दुसऱ्या वेळी डॅशबोर्ड उजळतो. पाहणाऱ्याला वाटते गाडी चालू झाली. ती झालेली नसते. मोठी बॅटरी अजून तुटलेलीच असते आणि हे सगळे दिवे, पंखा, रेडिओ छोट्या बॅटरीवर चाललेले असतात. ब्रेक घट्ट दाबून मग बटण दाबले, की डॅशबोर्डवर इंग्रजीत 'रेडी' असा शब्द किंवा दिवा उमटतो. तो उमटला तरच मोठी बॅटरी जोडली गेली आणि तिच्याकडून छोटी भरू लागली. या गाड्यांत छोटी बॅटरी भरायला डायनामो नसतो. मोठ्या बॅटरीची वीज उतरवून बाराच्या बॅटरीला देणारे एक यंत्र असते, आणि ते रेडी असल्याशिवाय काम करत नाही.

म्हणजे हा मुलगा दर रविवारी बॅटरी भरतो आहे असे समजून इमानेइतबारे ती उपसत होता.

त्याच्या बहिणीने कागद-पेन्सिल मागितली, म्हणून तिच्याकडूनच हिशेब करवून घेतला. तो येथे देतो, कारण हिशेब कळला की गोष्ट विसरत नाही. बॅटरीवर लिहिलेले असते ४५ एएच. म्हणजे साधारण एक ॲम्पियर वीज ४५ तास देण्याची तिची ताकद. उभ्या गाडीतली यंत्रे मिळून समजा ०.०३ ॲम्पियर खातात. दिवसाला ०.७२, आठवड्याला पाच. एवढ्यावर थांबले असते तर ४५ संपायला नऊ आठवडे लागले असते. आता रविवारची वीस मिनिटे. हेडलाईट, पंखा, रेडिओ आणि गाडीचे कॉम्प्युटर मिळून पंधरा ॲम्पियर सहज ओढतात. एक तृतीयांश तास गुणिले पंधरा म्हणजे पाच. आठवड्याचे पाच आणि रविवारचे पाच, झाले दहा. साडेचार आठवड्यांत बॅटरी खलास! हे कागदावरचे गणित आहे. प्रत्यक्षात पूर्ण रिकामी व्हायच्या आधीच ती गाडी जागी करण्याचे काम सोडते आणि प्रत्येक गाडीचे आकडे वेगळे. पण जूनच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत मोजा, म्हणजे मेळ बसतो.

मुलगी आकडे पाहत म्हणाली, "म्हणजे दादाने काहीच केले नसते तर गाडी चालू झाली असती?" होय, बहुधा झाली असती. तो खोटे बोललेला नव्हता. त्याला अर्धेच सांगितले होते.

गाडीच्या कप्प्यात मालकासाठी असलेले जाड इंग्रजी पुस्तक तसेच प्लास्टिकमध्ये होते. साहेबांनीही ते उघडलेले नव्हते. मुलीने ते काढले आणि पुढचे बरेचसे तिनेच वाचून दाखवले. आईला ती मराठीत सांगत होती आणि मी मधूनमधून हुंकार देत होतो, इतपतच माझे काम उरले.

मी चार्जर आणला होता तो चार ॲम्पियरचा. संध्याकाळी लावला. डिकी उघडीच ठेवली, कारण भरताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघू शकतो. जवळ विडी-काडी नको, हे सांगायला नको. रात्रीत दोनदा लाईट गेली. कोकणातला पावसाळा, त्याला इलाज नाही. सकाळी नऊला मीटरने साडेबारा दाखवले. मुलाने ब्रेक दाबला, बटण दाबले. रेडीचा दिवा लागला. इंजिन गप्पच. तो माझ्याकडे पाहत राहिला. मग काही मिनिटांनी इंजिन आपले आपण घुरघुरले, तेव्हा त्याच्या आईने पदराने डोळे पुसले.

आता उभ्या गाडीची काळजी कशी घ्यायची ते सांगतो. २०२० च्या टाळेबंदीत जगभर गाड्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा टोयोटाने इंग्लंडमधल्या हायब्रीड मालकांना सांगितले होते की आठवड्यातून एकदा गाडी रेडी करून तासभर ठेवा. वीस मिनिटे नव्हे, तासभर. छोटी बॅटरी सावकाश भरते. गाडी पार्कमध्ये, हँडब्रेक लावलेला. न्यूट्रलमध्ये ठेवू नका, कारण टोयोटाच्या पुस्तकाप्रमाणे न्यूट्रलमध्ये इंजिन मोठ्या बॅटरीला भरत नाही. पंखा, हेडलाईट, एसी बंद ठेवा. मधेच इंजिन चालू होईल, बंद होईल. तो बिघाड नव्हे, मोठी बॅटरी भरण्यासाठी ते तसे करते. म्हणून टाकीत पेट्रोल हवे. आणि एक गोष्ट जिवाशी खेळणारी आहे. शटर लावलेल्या गॅरेजमध्ये हे करू नका. पावसाची झड येते म्हणून कित्येक जण शटर ओढून आत बसतात. आवाज नाही म्हणून धूर नाही असे समजू नका. इंजिन मधेच सुरू झाले की बंद जागेत विषारी वायू साठतो, त्याला वासही नसतो. गाडी उघड्यावर घ्या, किंवा शटर पूर्ण वर ठेवा. आणि गाडी रेडी ठेवून निघून जाऊ नका. आवाज नसल्यामुळे एखादे पोर आत चढून गिअर हलवील, आणि गाडी निमूटपणे चालू लागेल.

शक्य असेल आणि मालकाची परवानगी असेल, तर उभ्याने तास घालवण्यापेक्षा गाडी रस्त्यावर तासभर फिरवून आणणे केव्हाही चांगले. टायरही एकाच जागी दबून राहत नाहीत आणि ब्रेकच्या डिस्कवरचा गंज निघतो.

दुसरी गोष्ट चावीची. बहुतेकांना ही ठाऊक नसते. खिशातल्या खिशात ओळख देणारी चावी गाडीजवळ ठेवली, तर गाडी आणि चावी एकमेकींशी बोलत राहतात आणि दोघींच्याही बॅटऱ्या खातात. चावी गाडीपासून निदान दोन मीटर लांब असावी. या बंगल्यावर चावी टांगायचा खिळा नेमका शेडला लागून असलेल्या भिंतीवर होता. तो खिळा आता स्वयंपाकघरात गेला आहे.

तिसरी गोष्ट बाहेरून लावलेल्या यंत्रांची. समोरच्या काचेवरचा कॅमेरा गाडी बंद असतानाही चालू ठेवला असेल तर तो ०.३ ॲम्पियरच्या आसपास खातो. वरच्या हिशेबाने दिवसाला सात. आठवडाभरात छोटी बॅटरी झोपली! पिवळ्या पाटीच्या गाड्यांना जीपीएसचे यंत्र असते, त्याचे कनेक्शन नीट बसवले आहे का तेही तपासावे. डिकी अर्धवट लागली, आतला दिवा राहिला, तर पाच वॅटचा बल्बही दोन दिवसांत अर्धी बॅटरी पितो. गाडी धुताना चारही दारे उघडी टाकून गाणी लावणाऱ्या आमच्या तरुण मित्रांनी तर हे वाक्य दोनदा वाचावे. गाणी लावा, पण रेडी करून लावा.

महिना-दीड महिना कोणीच फिरकणार नसेल तर सर्वात साधा इलाज म्हणजे छोट्या बॅटरीची काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर सोडवणे. आपल्या मिरकरवाड्यात जून-जुलैची मासेमारी बंदी लागली आणि होड्या शाकारल्या, की होडीची बॅटरी उतरवून घरी नेऊन ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. मात्र गाडीत घाई नको. गाडी बंद करून काही मिनिटे थांबा, काचा वर करा, चावी बाहेर आहे याची खात्री करा, मग दहाच्या पान्याने आधी काळी सोडवा. बॅटरी डिकीत असेल तर डिकी पुन्हा कशी उघडणार याचा विचार डिकी लावण्यापूर्वी करा! घड्याळ, रेडिओची स्टेशने, कधी काचांची आपोआप वर-खाली होण्याची सवय, हे परत बसवावे लागते. अलार्मही बंद राहतो. म्हणून मालकाला आधी विचारावे आणि तो हो म्हणाला तरच करावे.

समुद्राकाठी टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढते. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या दातांच्या ब्रशने घासावी, कोरडे करून वरून व्हॅसलिन लावावे. आणि शेडमध्ये उंदीर असतील तर त्यांचा बंदोबस्त करावा. वायरिंग कुरतडले तर त्यापुढे बॅटरीचा खर्च काहीच नाही. बॅटरी मरते पावसाळ्यात, पण तिचे आयुष्य खाते एप्रिल-मेचे ऊन, हेही लक्षात असू द्या. तीन-चार वर्षे झालेली छोटी बॅटरी मे महिन्यातच मीटर लावून तपासून घ्यावी.

इतके करूनही गाडी झोपली तर? पहिले, धक्का मारू नका. आपल्याकडे गाडी बंद पडली की पाच जण मागे लागतात, पण हायब्रीडला धक्का स्टार्ट नसतो. वर्षभर ढकलली तरी ती सुरू होणार नाही. दोर बांधून ओढूही नका. मोटरची चाके जमिनीवर फिरली तर आत नुकसान होते. न्यायचीच तर चारही चाके उचलून, पाठीवर घेणाऱ्या गाडीने न्यावी.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वायर जोडून ती जागी करता येते, कारण येथे जड इंजिन फिरवायचे नसते, फक्त कॉम्प्युटर आणि रिले जागे करायचे असतात. त्याला थोडीच वीज लागते. बारा व्होल्टची कोणतीही साधी कार चालेल. परंतु ट्रक किंवा एस.टी. बसवरून कधीही घेऊ नका. त्यांची यंत्रणा चोवीस व्होल्टची असते. घाटात अडकल्यावर पहिली मदत ट्रकवाल्याचीच येते. त्याचा चहा घ्या, वीज घेऊ नका. लाल वायर आधी आपल्या गाडीच्या प्लसला, मग दुसऱ्या गाडीच्या प्लसला. काळी दुसऱ्या गाडीच्या मायनसला आणि तिचे शेवटचे टोक आपल्या गाडीच्या उघड्या लोखंडी भागाला, बॅटरीपासून लांब. बॅटरी डिकीत असलेल्या बऱ्याच गाड्यांत बोनेटखाली यासाठी वेगळे लाल झाकणाचे टर्मिनल दिलेले असते. ते कुठे आहे हे पुस्तकात असते. दुसरी गाडी पाचेक मिनिटे चालू ठेवा, मग ब्रेक दाबून बटण. रेडी आले की वायरी उलट्या क्रमाने काढा आणि लगेच बंद न करता तासभर गाडी चालवा. लाल-काळी उलटी लागली तर एका ठिणगीत हजारोंचे इलेक्ट्रॉनिक्स जळते. अंधारात खात्री नसेल तर उजाडेपर्यंत थांबलेले बरे. आणि उलट बाजूने, कोणाचा टेम्पो बंद पडला म्हणून आपल्या हायब्रीडवरून त्याला वीज देऊ नका. त्याचा सेल्फ शेकडो ॲम्पियर ओढतो. ती या छोट्या बॅटरीच्या आवाक्यातली गोष्ट नाही.

भगव्या केबलना कोणीच हात लावायचा नाही. दहावी झालेल्यानेही नाही, आयटीआय झालेल्यानेही नाही, मीही लावत नाही. ते कंपनीच्या शिकवलेल्या माणसाचे काम.

बॅटरी बदलायची वेळ आली तर जुनीवरचा प्रकार वाचून त्याच प्रकारची घ्या. डिकीत किंवा सीटखाली बसणाऱ्या बॅटऱ्या सीलबंद, वायू बाहेर सोडायची नळी असलेल्या असतात. स्वस्त मिळते म्हणून साधी पाण्याची बॅटरी माणसे बसतात तिथे बसवू नये.

आणि खर्चाविषयी. छोटी बॅटरी काही हजारांत येते. मोठीचा खर्च लाखाच्या घरात जातो, पण वर सांगितलेल्या मारुती, टोयोटा आणि होंडाच्या गाड्यांना मोठ्या बॅटरीची ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर अशी हमी कंपनीने दिलेली आहे. तेव्हा कोणी "मोठी गेली" म्हणाला, तर पहिला प्रश्न विचारा, "छोटीला मीटर लावून पाहिलात का?" दुसरा प्रश्न विचारा, "हमीत बसते का?" या दोन प्रश्नांनी त्या घरातले निम्मे रडणे वाचले असते.

मुलाने रेडीच्या दिव्याचा फोटो साहेबांना मोबाईलवर पाठवला, सोबत बहिणीने लिहिलेला हिशेबाचा कागद. साहेबांचे उत्तर आले, "ठीक आहे." पुढच्या महिन्यापासून पैसे कापणे थांबले. आधीचे दोन हजार मी हे लिहीपर्यंत परत आलेले नाहीत. बाई म्हणतात, मागायला मुलगा लाजतो. मी त्याला सांगितले आहे की बाकी काही करू नकोस, एक वही घाल. तारीख, किती वाजता रेडी केली, किती वाजता बंद केली, मीटरवर किलोमीटर किती, आणि रेडीच्या दिव्याचा रोजचा एक फोटो. दुसऱ्याची गाडी सांभाळणाऱ्या प्रत्येकाने अशी वही ठेवावी. वहीत लिहिलेल्या रविवारविषयी कोणी शंका घेत नाही.

ती वही आता धाकटी बहीण लिहिते, असे मागाहून कळले. दर रविवारी ती भावासोबत जाते, दिवा लागल्याची वेळ टिपते आणि तो तास गाडीशेजारी पायरीवर बसून अभ्यास करते.

अशाच गाडीविषयी कोणाला विचारायचे असेल तर पत्रात गाडीचे नाव, साल, छोटी बॅटरी कुठे आहे आणि तिच्यावर छापलेले आकडे जरूर लिहावेत. पुढील अंकी इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी किती आणि कोणते घालावे, याविषयी आलेल्या पत्रांना उत्तरे देईन.